चेहऱ्यावरचा उजेड

मे महिन्यातल्या एका दुपारी हरिदास खोब्रागडेला दुकानात बसल्या बसल्या आपली बायको दिसली, आणि तिच्या तोंडावर कोणीतरी उजेड मारत होतं. बाहेर चंद्रपूरचा रस्ता तापून पांढरा पडला होता, गिऱ्हाईक येण्याची आशा नव्हती, आणि गोंडपिपरीच्या एका माणसानं अंधारात दिसत नाही म्हणून दुरुस्तीला दिलेला कॅमेरा तो तपासत होता. दुकानात अंधार कुठून आणणार? घरची आतली खोली मात्र उन्हाळाभर चादरी लावून काळोखी केलेली असायची, म्हणून सकाळी त्यानं तो कॅमेरा तिथल्या कपाटावर ठेवून दिला होता. साधना तेव्हा नळावर होती. सांगायचं राहून गेलं. खरंच राहून गेलं, असं तो पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिला. पडदा चालू केला तशी खोली राखाडी रंगात उमटली. कॅमेरा ठीक झाला होता. पलंगाच्या कडेला साधना बसली होती, केस मोकळे, डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके. तिनं मोबाईल उचलून तोंडासमोर धरला, आणि तिचा चेहरा एकदम पेटल्यासारखा उजळला. विझला, पुन्हा उजळला. फोन तिला ओळखत होता. हा उजेड तिला दिसत नव्हता, त्या खोलीत दुसरं कोणी असतं तर त्यालाही दिसला नसता. तो फक्त त्या कॅमेऱ्याला दिसत होता आणि कॅमेऱ्यातून हरिदासला. मग साधना फोन ओठांजवळ नेऊन बोलू लागली. पडद्याला आवाज नव्हता. ती बोलत होती, थांबत होती, मधेच हसत होती, आणि मधूनमधून तो उजेड तिच्या गालांवरून, कपाळावरून हलकेच फिरून जात होता.

पंचवीस वर्षं त्याचं पोट याच न दिसणाऱ्या उजेडावर चाललं होतं. बिघडलेला रिमोट हातात आला की तो आपल्या फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरायचा, बटण दाबायचा, आणि रिमोटच्या टोकाला जांभळा ठिपका चमकला की सांगायचा, "रिमोट चांगला हाय, टीव्हीचाच डोळा गेला." साधनाच्या भावानं पुण्याहून आपला जुना भारी फोन तिला पाठवला तेव्हा तो चेहरा पाहून कसा उघडतो, हेही त्यानंच तिला समजावलं होतं. बारीक बारीक हजारो ठिपके चेहऱ्यावर फेकतो, नाक किती वर आहे, डोळे किती खोल आहेत ते मोजतो, आणि तूच आहेस याची खात्री झाली की उघडतो. तेव्हा ती लाजून हसली होती. "एवढं कोन पाह्यते जी कोनाच्या तोंडाकडं?" त्या वाक्यात काही आहे हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं नव्हतं. आता दुकानातल्या पंख्याखाली ते त्याला आठवलं आणि रुतलं. आधी त्याला कुठल्या माणसाचा राग आला नाही, त्या वस्तूचा आला. ती चष्मा लावलेली असो, नुकतं डोकं धुतलेली असो, रडून उठलेली असो, ती वस्तू तिला रोज नव्यानं पाहत होती. बावीस वर्षांच्या संसारात आपण तिच्याकडे असं शेवटचं कधी पाहिलं? त्याला तिची पाठ आठवत होती, भाकरी थापणारे हात आठवत होते, पोरगी नागपूरला नर्सिंगला गेली त्या दिवशी बसच्या खिडकीला धरलेली तिची बोटं आठवत होती. चेहरा आठवायला गेलं की लग्नातला फोटो समोर यायचा.

कॅमेरा त्यानं परत केला नाही. गोंडपिपरीच्या माणसाला आणखी तीन आठवडे लागतील म्हणून सांगितलं आणि मग दुपार झाली की पडदा लावून बसू लागला. बारा वाजता ती आतल्या खोलीत यायची, कूलर बंद करायची. एवढ्या उकाड्यात कूलर बंद करायचा, म्हणजे पलीकडच्या माणसाला हिचा आवाज नीट ऐकू जावा म्हणून! घामानं तिचा ब्लाउज पाठीला चिकटलेला दिसायचा. पदरानं गळा पुसायची आणि बोलत राहायची. ती कधी एक हात वर करून हवेत काहीतरी आकार काढायची, जणू समोर कोणी बसलं आहे आणि त्याला ती जिवाच्या आकांतानं काही समजावून सांगते आहे. हरिदासला तिचे ओठ वाचता येईनात. तो पडद्यावर वाकायचा, डोळे ताणायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती सकाळी पेपर मोठ्यानं वाचायची. बारावी झालेली, आवाज खणखणीत, अग्रलेखसुद्धा सोडायची नाही. एकदा बातम्या लागल्या होत्या तेव्हा तो म्हणाला होता, "मनातल्या मनात वाच ना व." तेव्हापासून ती मनातल्या मनात वाचत होती. मग आता ही कोणासाठी बोलते?

नाव त्याला चौथ्या दिवशी कळलं. ती अंगणात कपडे वाळत घालत होती आणि ओट्यावर ठेवलेला तिचा फोन उजळला. कुलूप उघडलं नाही, पण वरच्या ओळीत नाव आलं, धम्मदीप सर, आणि खाली एवढंच, 'आजचं ऐकलं. फार छान. पोटात खड्डा पडला ऐकताना.' हरिदासनं फोन उचलून आपल्या तोंडासमोर धरला. फोननं त्याला पाहिलं, ओळखलं नाही आणि बंद झाला. आपल्याच घरात, आपल्याच ओट्यापाशी कोणीतरी दार लावून घ्यावं तसं त्याला झालं. जेवताना त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "हे धम्मदीप कोन?" ती वरण वाढत होती. "ब्रह्मपुरीचे सर हाय. पुस्तकाचं काम हाय त्यायचं," ती म्हणाली आणि त्याच्याकडे पाहून थांबली, पुढे विचारील म्हणून. त्यानं टीव्ही लावला.

त्या रविवारी त्यानं ते केलं. आधी ठरवलं नव्हतं, पण जीभ सुटली तसं सगळं रचल्यासारखं येत गेलं. "तो फोन तोंडापाशी धरून बसत नको जाऊ," तो म्हणाला. "त्याच्यातून काय निघते तुले मालूम हाय का?" त्यानं आपला फोन काढला, पुढच्या कॅमेऱ्यात तिचा फोन दाखवला, तिला तिचं तोंड त्याच्यासमोर धरायला लावलं. पडद्यावर तिच्या फोनच्या माथ्याशी जांभळा ठिपका धडधडू लागला. ती दचकली. "हे रोज माह्या डोळ्यात जाते?" "रोज. अन दिसत नाई हेच वाईट. उन्हाकडं पाह्यलं त डोळा मिटते. वेल्डिंगकडं पाह्यलं त मिटते. याच्यापुढं तो उघडाच्या उघडा राह्यते अन आत सारं शिजत जाते." मग तो थांबला, आणि त्याला माहीत होतं की आता कशाचं नाव घ्यायचं. "बाबाचे डोळे कशानं गेले?"

त्याचे वडील लटारू कारखान्यात भट्टीच्या तोंडाशी उभे राहून म्हातारे झाले होते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि शेवटी काचबिंदूही निघाला तेव्हा फार उशीर झाला होता. शेवटची सहा वर्षं त्यांच्या डोळ्यांत थेंब घालण्याचं काम साधनानं केलं होतं. भट्टीच्या धगीतला तो उजेड आणि हा उजेड एकाच जातीचे, हे खरं होतं. पण जात एक असली तरी एक वणवा होता आणि दुसरी काजव्याएवढीही नसलेली चमक, हे हरिदासइतकं त्या गल्लीत कोणाला ठाऊक नव्हतं. पंचवीस वर्षं तो रिमोटच्या टोकांकडे डोळे लावून बसला होता आणि अजून बिनचष्म्यानं बारीक तारा जोडत होता. हे त्यानं सांगितलं नाही. साधनाचा चेहरा उतरत चाललेला त्यानं पाहिला. "खरंच का जी?" तिनं विचारलं. "मले त डोळ्याचं लय भेव वाटते. बाकी काई जाऊ दे, डोळे नाई." "मंग ठेवून दे तो," तो म्हणाला. तिनं फोन पातळांच्या घडीखाली ठेवला. घराला लागेल तेव्हा आकडे टाकून उघडायची, तोंड बाजूला करून.

अकरा दिवस ती खोलीत नुसती बसून राहिली. हरिदासनं ते अकरा दिवस पाहिले. बारा वाजता यायची, सवयीनं कूलर बंद करायची, मग काहीतरी आठवल्यासारखी पुन्हा लावायची. तिच्या चेहऱ्यावर आता कोणी उजेड मारत नव्हतं. तो जिंकला होता, आणि त्या जिंकण्याला चव नव्हती. रिकाम्या हातांनी बसलेली ती बाई पडद्यावर म्हातारी दिसायची. एकदा तिचे ओठ फोनशिवायच हलू लागले, बराच वेळ हलले, आणि त्याला वाटलं, ही आता मनातल्या मनात बोलते त्याच्याशी. तिथवर काही आपल्या कॅमेऱ्याचा डोळा पोचत नाही. तिचा फोन घडीखाली दोनदा तीनदा थरथरल्याचं ती सांगायची, "सर फोन करून राह्यले. काय सांगू त्यायले?" आणि तो म्हणायचा, "डोळे दुखते म्हन." त्यात खोटं काय, असंही त्याला वाटून जायचं. कोणाचे तरी दुखतच होते.

बाराव्या दिवशी पडद्यावर साधना उभी दिसली. फोन तिनं हातभर लांब धरला होता आणि बायका आरशात मागचा अंबाडा पाहतात तशी पुढच्या कॅमेऱ्यात पाहत ती सावकाश फिरत होती. आधी टीव्हीच्या रिमोटपाशी गेली, बटण दाबून पाहिलं. मग कूलरच्या रिमोटपाशी. घरात आणखी कुठून कुठून हा उजेड निघतो ते ती शोधत होती, त्यानं शिकवलं होतं तस्सं.  हरिदासनं दुकानाचा फोन उचलला, तिला काहीतरी सांगून बाहेर बोलवावं म्हणून, पण काय सांगावं ते सुचेना. ती कपाटाकडे पाठ करून उभी राहिली. थांबली. अंधारात पाहायला कॅमेराही तोच उजेड फेकायचा, तो तिला फोनमध्ये दिसला. खांद्यावरून वळून वर पाहिलं. मग पलंगाखालचा स्टूल ओढला, आणि तिचा चेहरा पडद्यावर मोठा मोठा होत आला, कपाळ, भुवया, वरच्या ओठावरचा घाम, आणि ती सरळ त्याच्या डोळ्यांत पाहू लागली. दोन क्षण, फार तर तीन. त्याला हवा होता तो चेहरा इतका जवळ कधी आला नव्हता. मग तिचा तळहात आला आणि पडदा काळा झाला.

तो स्कूटरवरून जेवायला घरी गेला तेव्हा तिनं ताट वाढून ठेवलं होतं. ताटाशेजारी पुसून स्वच्छ केलेला कॅमेरा होता. "जेवून घ्या," ती म्हणाली. तो बसला, घास तोडला. ती समोरच्या भिंतीला टेकून उभी होती.

"मोबाईलचा उजेड डोळ्याले वाईट," ती म्हणाली. "अन याचा?"

त्यानं कॅमेरा ताटापासून दूर सरकवला.

"मी सोमवारी सरकारी दवाखान्यात जाऊन आली. डोळ्याच्या डॉक्टरबाईले सारं इचारलं. त्या हासल्या. म्हने, उन्हातनं चालत आल्या ना तुमी, त्या चालन्यात या फोनच्या कितीतरी पट गेला असन डोळ्यात. म्हने, भट्टीपाशी, काच वितळवतात तिथी वर्सान् वर्स उभं राहा लागते, तवा बिघडते. फोननं, रिमोटनं, कॅमेऱ्यानं काई होत नाई. तुमच्या मिस्टरचं त दुकानच हाय म्हने, त्यायले मालूम असंल." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमाले मालूम होतं का जी?"

"हो."

"मंग दवाखान्यातून येऊन बी मी घरात शोधून राह्यली होती. काऊन मालूम हाय? मले वाटलं डॉक्टरबाई चुकली असंल. तुमी नाई चुकनार." ती खाली बसली. "बाबाचं नाव घेतलं तुमी. मी थेंब टाकत होती त्यायच्या डोळ्यात."

हरिदासच्या तोंडून आलं ते भलतंच आलं. "धम्मदीप कोन हाय?"

 मग उठून तिनं कॅलेंडरचा कागद फाडला, त्याच्या मागे पत्ता लिहिला आणि ताटाशेजारी ठेवला. "मी सांगनार व्हती. वाट पाह्यली तुमी इचारायची. आता नाई सांगत. जाऊन पाहा. डोळ्यानं पाहाची लय हौस हाय ना तुमाले."

दुसऱ्या दिवशी पहाटे ब्रह्मपुरीची बस मूल, सिंदेवाही करत निघाली आणि हरिदास सबंध वाटभर धम्मदीप घडवत राहिला. उंच. चाळिशीच्या आतला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाचे मऊ हात. दोन्ही बाजूंना जंगल वाळून तांबूस झालं होतं, सागाची पानं झडून गेली होती, आणि त्या उघड्या झाडांमधून तो माणूस साधनाकडे पाहत येत होता. आपण काय बोलायचं याची त्यानं तीनदा तयारी केली. पत्ता बसस्टँडपासून जवळ निघाला. बैठं घर, व्हरांडा, व्हरांड्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बांधलेली नायलॉनची दोरी. ती दोरी कशासाठी हे त्याला कळलं नाही. आतल्या टेबलाशी एक ठेंगणा, टक्कल पडत चाललेला माणूस जाड कागदावर बोटं फिरवत बसला होता. "कोण आलं?" त्यानं विचारलं. "मी... साधनाचा मिस्टर. चंद्रपूरहून." तो माणूस लगबगीनं उठला, "जय भीम, जय भीम, या ना," आणि त्यानं हात पुढे केला, हरिदास उभा होता त्याच्या जरा डावीकडे. हरिदासला तो हात धरायला बाजूला सरकावं लागलं.

"ताईंच्या डोळ्यांना कसं आहे आता?" धम्मदीप सरांनी पहिलं तेच विचारलं. "मी दोनतीनदा फोन केला, मग म्हटलं नको. डोळ्यांचं दुखणं आम्हाला कोणी समजावून सांगायला नको." मग बसवून, माठातलं पाणी देऊन ते बोलत राहिले. वसतिगृहातली सहा अंध मुलं गेल्या वर्षी दहावीला विज्ञानात राहिली होती आणि यंदा पुरवणी परीक्षेला बसणार होती. ब्रेल पुस्तक वेळेत मिळालं नव्हतं. धड्यांची पानं ते कोणाकडून तरी फोनवर पाठवायचे आणि साधनाताई वाचून आवाज भरून पाठवायच्या, फेब्रुवारीपासून. "पाच धडे राहिलेत. अकराबारा दिवस गेले मधे. होईल, बघू. पोरं जुनेच पुन्हा ऐकतात." हरिदास त्यांच्या डोळ्यांकडे बघत होता. ते अर्धवट मिटलेले, स्थिर होते. या माणसानं साधनाचा चेहरा पाहिला नव्हता आणि पाहणार नव्हता, याचा दिलासा वाटायला हवा होता. वाटला नाही. "मले ऐकवता का एखादं?" तो म्हणाला.

सरांनी फोन चाचपून लावला आणि त्या खोलीत साधना बोलू लागली. हा आवाज त्याच्या घरात नव्हता. सावकाश, भरदार, प्रत्येक ण जागच्या जागी. ती मानवी डोळ्याचा धडा वाचत होती. "इथे पुस्तकात आकृती आहे," ती म्हणाली, "ती मी तुम्हाला सांगते. घाई करू नका. डावा तळहात उघडा. उजव्या बोटानं त्याच्यावर एक गोल काढा. काढला? हा डोळा. आता गोलाच्या पुढच्या बाजूला एक छोटा फुगवटा करा, मसुराच्या दाण्यासारखा." हवेत फिरणारा तिचा तो हात हरिदासला आठवला. कूलर बंद करून, घामानं निथळत ती कोणाच्या तरी तळहातावर डोळा काढत होती. एवढ्या धीरानं तिनं त्याला कधी काही सांगितलं नव्हतं. की सांगायला घेतलं होतं आणि त्यानंच टीव्हीचा आवाज वाढवला होता? आता तर हेवा करायला समोर एक माणूसही उरला नव्हता. सहा पोरं होती, न पाहिलेली, आणि त्यांचे उघडे तळहात. "पोटात खड्डा पडला, असं तुमी लिहिलं व्हतं," तो न राहवून म्हणाला. सर हसले. "तो बेडकाचा धडा. ताई सांगत होत्या आणि मला पहिल्यांदाच कळलं बेडूक कसा असतो ते. चाळीस वर्षांचा झालो मी."

आवाज पुढे जात होता. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर प्रतिमा उलटी पडते, आणि तरी आपल्याला जग सुलट कसं दिसतं, ते ती सांगायला लागली, आणि मधेच लांबून एक स्कूटर आली. फटफट जवळ आली, वळणावर दोनदा हॉर्न वाजला. साधना अडखळली. मग तो भरदार आवाज एकदम बारीक, घरचा झाला, "आले वाट्टे," आणि खट्. संपलं.

 "हे... असं मधेच?" हरिदासनं विचारलं.

"सगळेच धडे असे संपतात," धम्मदीप सर म्हणाले. "त्यांच्या शेजारी कोणीतरी असावा. रोज त्याच वेळेला येतो. पोरं म्हणतात, स्कूटर आली, सुटी झाली. एकजण तर त्या हॉर्नची नक्कलसुद्धा करतो. तुम्ही ओळखत असाल त्या माणसाला."

"हो," हरिदास म्हणाला. "शेजारचाच हाय."

परतीच्या बसमध्ये त्यानं काही घडवलं नाही. चंद्रपूरला उतरला तेव्हा उन्हं कलली नव्हती. स्टँडवरची स्कूटर काढली, गल्लीच्या तोंडाशी आला, हॉर्नवर गेलेला अंगठा उचलला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. उरलेली वाट त्यानं स्कूटर हातानं ढकलली. घराचं दार आतून लावलेलं होतं. तो आत येऊ नये म्हणून लावलेलं होतं, हे त्याला कळलं. आत कूलरचा आवाज नव्हता. दाराच्या फटीतून साधना वाचत होती, तो आवाज, ण जागच्या जागी, आणि तो ऐकताना हरिदासच्या छातीत तीच जुनी कळ उठली, तसूभरही कमी झालेली नव्हती. हा आवाज त्याच्यासाठी नव्हता. मागितला तर आज मिळणारही नव्हता. तो तिथेच उन्हात उभा राहिला. शेजारची गुणाबाई धान्याचं सूप घेऊन बाहेर आली. "काऊन जी भाऊ," ती मोठ्यानं म्हणाली, "बंद पडली का गाडी?"

"हो बाई," तो अगदी हळू म्हणाला, "बंद पडली."

आत साधना थांबली. हरिदासनं श्वास रोखून धरला. मग ती पुढे वाचू लागली.